साभार पोच : बेलफास्टच्या ‘स्लँट’ला आलेली उत्तरं

अनियतकालिक काढणाऱ्याला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल, तर ‘अंक मिळाला, छान आहे’ एवढंच लिहिलेल्या पोस्टकार्डाची. त्यापेक्षा शिवी परवडली. शिवी देणाऱ्यानं निदान अंक उघडलेला असतो. कॉलेजात असताना आम्ही सायक्लोस्टाइल केलेला १६ पानांचा अंक काढला होता. प्रती १५०, उत्तरं ४. त्यातली तीन ‘छान आहे’ जातीची. चौथं पत्र एका निवृत्त मास्तरांचं होतं आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका पान-ओळीसकट उतरवून काढल्या होत्या. दुसरा अंक आम्ही खरं तर त्या मास्तरांसाठी काढला.

‘स्लँट’ची हकिगत वाचताना ते मास्तर सारखे आठवत होते.

‘स्लँट’ म्हणजे विज्ञानकथांच्या चाहत्यांनी घरच्या घरी, हातानं खिळे (शिशाचे सुटे अक्षरठसे) जुळवून छापलेला अंक. गाव बेलफास्ट, उत्तर आयर्लंड. पहिला अंक नोव्हेंबर १९४८चा, सातवा आणि शेवटचा १९५३चा. सात अंकांचा हिशेब मांडला तर दोन अंकांत सरासरी आठेक महिन्यांचं अंतर पडतं. एवढ्याशा ऐवजाच्या बदल्यात टपालानं जे परत आलं, त्यानं संपादकाला अटलांटिकपार नेऊन आणलं, आणि माझ्या मते त्यानंच शेवटी ‘स्लँट’ बंदही पाडला. या प्रकरणात मला रस आहे तो या परत आलेल्या टपालात.

आधी थोडी पार्श्वभूमी, लवकर उरकतो. चाहत्यांनी काढलेल्या अशा अंकाला ‘फॅनझीन’ म्हणतात. हा शब्द रस शॉवने या अमेरिकी चाहत्यानं ऑक्टोबर १९४० मध्ये आपल्या ‘डीटूर्स’ या अंकात पहिल्यांदा वापरला. वस्तू मात्र शब्दापेक्षा जुनी. ह्यूगो गर्न्सबॅकनं एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केलं, त्यात वाचकांची पत्रं छापताना खाली त्यांचे पूर्ण पत्ते छापले, आणि वाचक संपादकाला बाजूला ठेवून थेट एकमेकांना लिहायला लागले. मे १९३० मध्ये शिकागोच्या सायन्स कॉरस्पॉन्डन्स क्लबनं ‘द कॉमेट’ काढलं. पहिलं फॅनझीन म्हणून त्याचं नाव घेतात. संपादक होता रे पामर. हा गृहस्थ पुढं एकदा भेटणार आहे.

मराठीत फॅनझीनला काय म्हणावं, यावर मी बराच अडलो. ‘हस्तलिखित’ म्हटलं की शाळेचं वार्षिक हस्तलिखित डोळ्यांपुढं येतं : प्रत एकच, वेलबुट्टी भरपूर, आणि उद्घाटन झालं की मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद. ‘लघुअनियतकालिक’ म्हटलं तर ‘शब्द’, ‘असो’, ‘फक्त’ ही मंडळी आठवतात. सायक्लोस्टाइलचा वास तोच, पण त्यांना प्रस्थापित साहित्याशी भांडायचं होतं. फॅनझीनवाल्यांना कुणाशी भांडायचं नव्हतं, म्हणजे आपसात सोडून. तेव्हा फॅनझीनच म्हणू.

खिळे आणि लिनोलियम

‘स्लँट’चा संपादक वॉल्ट विलिस (१९१९–१९९९) सरकारी नोकरीत. बायको मॅडेलिन, तिलाही विज्ञानकथांचं तितकंच वेड. तिसरा जेम्स व्हाइट, विशीतला, कपडे शिवणाऱ्या दुकानात कामाला. व्हाइटला डॉक्टर व्हायचं होतं. पैशाअभावी ते राहून गेलं. विलिस प्रॉटेस्टंट घरातला, व्हाइट कॅथलिक. त्या शहरात हे दोघं रोज संध्याकाळी एका टेबलाशी बसून काम करत होते, ही गोष्ट आपल्याला किरकोळ वाटेल. बेलफास्टच्या माणसाला वाटणार नाही.

विलिसच्या हाती एक लहानसं, हातानं चालवायचं छापयंत्र आलं होतं. त्या काळी बहुतेक फॅनझीन स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल होत, किंवा त्याहून स्वस्तात, जेलीच्या ट्रेवर निघत. जेलीवर जांभळ्या शाईचा मूळ कागद दाबायचा, मग एकेक कोरा कागद ठेवून उचलायचा. पन्नासेक प्रतींनंतर अक्षरं इतकी फिकट होतात, की वाचणाऱ्याला अंक खिडकीशी धरावा लागतो. अशा जगात या तिघांनी खिळे जुळवून छापायचं ठरवलं.

हे काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, की त्यात साहस कमी आणि कंबरदुखी जास्त. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची लहानशी पट्टी. उजव्या हातानं केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतल्या, खणातून एकेक खिळा उचलायचा आणि उलट्या तोंडानं बसवायचा. शब्द संपला की कोरा खिळा. ओळ भरत आली की खरी परीक्षा : उजवी कड सरळ यायला हवी असेल, तर ओळीतल्या सगळ्या फटी सारख्या वाढवायच्या किंवा घटवायच्या. शेवटचा शब्द दोन अक्षरांनी मावत नाही म्हटलं, की ओळ उसवून पुन्हा. पान बांधायचं, शाई लावायची, प्रती काढायच्या. मग खिळे धुऊन, पुसून एकेक करून आपापल्या खणात परत, कारण पुढच्या पानाला तेच लागणार. इंग्रजीत निदान खण कमी. आपल्याकडं काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरं मिळून खिळ्यांची संख्या शेकड्यांत जायची. जुळाऱ्याचे पाय संध्याकाळी का सुजायचे, ते त्यावरून कळावं.

छापखान्यात लेखक वेगळा आणि जुळारी वेगळा असतो. लेखक पानभर लिहितो आणि जुळारी त्याला मनातल्या मनात शिव्या घालतो. इथं जो लेखक तोच जुळारी. अशा माणसाला विशेषण वापरायचं म्हणजे नऊ-दहा खिळे उचलायचे आणि नंतर तेवढेच परत टाकायचे. विलिसच्या गद्याची जी ख्याती झाली, कोरडा विनोद, एकही शब्द जास्तीचा नाही, ती या स्टिकमधून आली असं मला वाटतं. कुठल्याही लेखन कार्यशाळेपेक्षा हा उपाय जालीम आहे. आमच्याकडच्या काही स्तंभलेखकांना महिनाभर खिळे जुळवायला बसवावं, अशी इच्छा मी इथं नोंदवून ठेवतो.

चित्रं व्हाइट करायचा. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटं कोरायचं; जे पांढरं हवं ते खोदून काढायचं. हात एकदा घसरला की अवकाशयानाला शेपूट फुटलं म्हणून समजा. खोडरबराची सोय नाही. व्हाइट या अंकाचा कलासंपादक होता, आणि त्याचं हत्यार हे असं.

अंकात कथाही असत. क्लाइव्ह जॅक्सनची ‘द सोर्ड्‌स्मेन ऑफ व्हार्निस’ ही छोटीशी विडंबनकथा १९५० साली ‘स्लँट’मध्ये आली. परग्रह, तलवारी, राजकन्या, चहूबाजूंनी शत्रू असा सगळा थाट. आणि ऐन शेवटी नायक तलवारीचा नाद सोडून सरळ पिस्तूल काढतो. ही कथा पुढं अमेरिकेत ‘अदर वर्ल्ड्‌स’ या विकत मिळणाऱ्या मासिकानं उचलली. त्याचा संपादक कोण? रे पामर. वीस वर्षांपूर्वी स्वतः क्लबाचं फॅनझीन काढणारा माणूस आता बेलफास्टच्या घरगुती अंकातून कथा घेत होता. व्यावसायिक संपादकानं कथा उचलून छापणं, याहून ठोस परीक्षण मला तरी माहीत नाही.

किंमत : एक मासिक

आता मुख्य प्रश्न. हा अंक मिळायचा कुणाला, आणि कशाच्या बदल्यात?

युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटननं डॉलर वाचवायला अमेरिकी कथामासिकांची आयात थांबवली, आणि ती बंदी १९५९ पर्यंत राहिली. विज्ञानकथांच्या वाचकाला हा उपासच होता. ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकी मासिकाची ब्रिटिश आवृत्ती १९३९ पासून निघत होती, पण ती काटछाट केलेली, बारकी, मूळ अंकातल्या सगळ्या कथा तिच्यात नसत. अमेरिकेतल्या वाचकाला जे मासिक कोपऱ्यावरच्या दुकानात पाव डॉलरला मिळे, ते बेलफास्टमध्ये पैसे मोजूनही मिळत नसे. केन स्लेटर नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं तर ब्रिटिश पुस्तकं तिकडं आणि अमेरिकी मासिकं इकडं असा अदलाबदलीचा खटाटोपच उभा केला होता, ‘ऑपरेशन फँटास्ट’ नावानं.

विलिसनं यातून सरळ वाट काढली. अमेरिकी वाचकाला ‘स्लँट’ हवा असेल, तर त्यानं पैशाऐवजी एक मासिक पाठवावं. वाचून झालेलं चालेल. अमेरिकी माणसाच्या दृष्टीनं रद्दीत जाणारी वस्तू देऊन हातानं छापलेला अंक मिळाला. बेलफास्टच्या दृष्टीनं सोन्याच्या भावाची वस्तू बुकपोस्टानं दारात आली. दोघांनाही आपणच दुसऱ्याला फसवलं असं वाटावं, असा हा व्यवहार. आमच्या कोकणात आंब्याची पेटी देऊन मुंबईहून मासिकांचा गठ्ठा मागवणारे एक काका होते. त्यांना तो लगेच समजला असता.

पण ‘स्लँट’च काय, कुठल्याच फॅनझीनचा खरा भाव मासिक किंवा नाणं हा नव्हता. या मंडळींत एक शब्दप्रयोग रूढ होता, त्याचं मराठी ‘नेहमीचंच’ असं करता येईल. अंकाची किंमत काय? नेहमीचंच. म्हणजे लेख द्या, किंवा तुमचा अंक बदल्यात पाठवा, किंवा या अंकावर सविस्तर पत्र लिहा. पैसे देणारा या रांगेत शेवटी उभा. पैसे देऊन गप्प बसणाऱ्या वर्गणीदाराकडं संपादक जरा संशयानंच बघत. कित्येक फॅनझीनच्या शेवटच्या पानावर चौकोनांची यादी असे : तुम्हाला हा अंक का मिळाला? पत्र लिहिलंत म्हणून, अंकात तुमचं नाव आहे म्हणून, तुमचा अंक आम्हाला येतो म्हणून. आणि सगळ्यात खालच्या चौकोनात फुली असली, की समजायचं, आता उत्तर पाठवलं नाहीत तर पुढचा अंक नाही.

आपल्या मासिकांत ‘साभार पोच’ हे सदर असतं. पुस्तक आलं, नाव छापलं, किंमत छापली, विषय मिटला. कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या एखाद्या कवीनं पदरचे पैसे घालून संग्रह छापावा आणि दोन वर्षांनी त्याला या सदरात एक ओळ मिळावी, हे आपण इतकं पाहिलंय की त्यात काही खटकतही नाही. फॅनझीनवाल्यांत नुसत्या पोचेला शून्य भाव होता. अंक मिळाल्याचं कळवू नका, अंकाचं काय झालं ते कळवा. सातव्या पानावर कुठं हसलात, कथेत काय बिघडलं, मागच्या अंकात अमक्यानं लिहिलं त्यावर तुमचं काय म्हणणं. या पत्रांतले उतारे पुढच्या अंकात छापले जात, त्यांवर आणखी पत्रं येत. नाव छापून आल्याच्या आनंदाला त्यांनी एक शब्द बनवला होता, ‘इगोबू’. अहंकाराला मिळालेला खुराक. प्रामाणिक शब्द आहे. आपण त्याला ‘रसिकांचा प्रतिसाद’ म्हणतो.

अनोळखी माणसापर्यंत अंक पोचायची वाट निराळी. काही व्यावसायिक मासिकांत फॅनझीनची परीक्षणं करणारी सदरं चालत. ‘अमेझिंग’मध्ये रॉग फिलिप्सचं ‘द क्लब हाउस’ मार्च १९४८ पासून, ‘स्टार्टलिंग स्टोरीज’मध्ये संपादक सॅम मर्विनचं, पुढं ‘इमॅजिनेशन’मध्ये ‘फँडोराज बॉक्स’. परीक्षण चार-सहा ओळींचं : छपाई वाचता येते का, आत काय आहे, पत्ता, किंमत. मग आयोवातला किंवा टेक्ससमधला एखादा पोरगा जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटपट्टीनं नाणं चिकटवून लिफाफ्यात घालायचा आणि त्या पत्त्यावर धाडायचा. पाकिटात नाणं खुळखुळलं की फाटून पडतं, म्हणून ही युक्ती. संपादकाच्या टेबलावर अशा चिकट नाण्यांचा ढीग पडे.

मोठ्या मासिकातल्या चार ओळींनी नवे वाचक येत. पण तो अंक कसा आहे, हे ठरायचं एकमेकांच्या फॅनझीनमधल्या परीक्षणांवरून आणि पत्रांवरून. ‘फापा’ या १९३७ पासूनच्या हौशी मंडळात तर हे नियमानंच चाले : सभासदांनी आपापले अंक पाठवायचे, तीन महिन्यांनी सगळ्यांचा एक गठ्ठा सगळ्यांना जायचा, आणि पुढच्या गठ्ठ्यात प्रत्येकानं इतरांच्या अंकांवर टिपणं लिहायची. लेखक तेच, वाचक तेच, समीक्षक तेच.

इथं शंका येणं रास्त आहे. उंटाच्या लग्नात गाढवानं गावं, अहो रूपं अहो ध्वनिः, तसलाच हा प्रकार नव्हे का? पुष्कळ अंशी होता. माझं पत्र तू छाप, तुझं मी छापतो. पण एक फरक ध्यानात घ्यायला हवा. ज्याच्या घरी स्वतःचं छापयंत्र किंवा सायक्लोस्टाइल मशीन आहे, त्याला दुसऱ्याचा अंक हातात धरल्याबरोबर कळतं की शाई कुठं जास्त झाली, कुठं संपादक कंटाळला, कुठं पान भरायला काहीतरी कोंबलंय. अशा माणसाला फसवता येत नाही. सरळ उजवी कड, स्वच्छ ठसा, पानावर व्हाइटचं कोरीव चित्र; हे काय किमतीचं आहे हे कळणारे डोळे त्याच वर्तुळात होते. साध्या वाचकाला तो फक्त लहान आकाराचा अंक दिसला असता.

परत आलेलं टपाल

सर्वांत आधी आली माणसं. १९५०च्या सुमारास बॉब शॉ या बेलफास्ट गटात सामील झाला. मग स्वतःला ‘व्हील्स ऑफ इफ’ म्हणवणारी टोळी जमली. ‘इफ’ म्हणजे आयरिश फँडमची, आयरिश चाहतेमंडळींची, आद्याक्षरं. ‘स्लँट’ म्हणजे तिरकी रेघ, म्हणून विलिसच्या घराला ‘ओब्लीक हाउस’ नाव पडलं. पोटमाळ्यावर हे लोक ‘घुडमिंटन’ नावाचा खेळ खेळत : बॅडमिंटनच, पण रॅकेटऐवजी पुठ्ठ्याचे तुकडे. छपाई आणि हा खेळ यांत वेळेची वाटणी कशी होई, याचा अंदाज अंकांमधल्या आठ-आठ महिन्यांवरून बांधावा.

मग आलं निमंत्रण. अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावातून ली हॉफमन ‘क्वांड्री’ नावाचं फॅनझीन काढत असे. सायक्लोस्टाइल केलेलं आणि जवळजवळ दरमहा निघणारं. विलिसनं त्यात ‘द हार्प दॅट वन्स ऑर ट्वाइस’ हे सदर लिहायला घेतलं. ‘ली’ या नावावरून बहुतेकांची समजूत होती की संपादक पुरुष आहे. १९५१ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या विश्वसंमेलनात, म्हणजे विज्ञानकथाप्रेमींच्या जागतिक मेळाव्यात, हॉफमन स्वतः हजर झाली तेव्हा लोकांना कळलं की इतके दिवस आपण १९ वर्षांच्या मुलीला ‘मित्रा’ म्हणून पत्रं लिहीत होतो. टपालातून माणूस किती कळतो आणि किती नाही, याचं हे चोख उदाहरण. तिच्या अंकाबद्दल लोकांचं मत आधीच बनलेलं होतं. ते आता बदलायची सोय नव्हती.

आणि मग आली ती गोष्ट जी कुणीच मागितली नव्हती. फ्लोरिडातल्या शेल्बी विक या चाहत्यानं वर्गणी सुरू केली : विलिसला १९५२च्या शिकागोच्या विश्वसंमेलनाला आणायचं. विलिसच्या पूर्ण नावाची आद्याक्षरं डब्ल्यू, ए, डब्ल्यू. त्यावरून घोषणा यमकात, ‘वॉ विथ द क्रू इन फिफ्टी-टू’. ब्रिटनमधून परदेशी चलन बाहेर नेण्यावर तेव्हा कडक निर्बंध होते. साध्या सरकारी नोकराला अमेरिकेची सहल स्वप्नातही परवडली नसती. चाहत्यांनी नाणी, नोटा जमवल्या आणि विलिस बोटीनं न्यूयॉर्कला उतरला. ऑगस्ट संपता संपता शिकागोचं संमेलन, मग बसनं लांबलचक प्रवास करत पार लॉस एंजेलिस, परत फिरून जॉर्जिया आणि फ्लोरिडा, हॉफमन आणि विक यांच्या गावी. ज्यांच्याशी आजवर फक्त पत्रानं बोलणं झालं होतं, त्यांच्या घरी जेवायला.

या प्रकाराला परीक्षण म्हणायचं की नाही? माझ्या लेखी ते परीक्षणच. शेकडो मैलांवर विखुरलेल्या, एकमेकांशी एरवी कडाकडा भांडणाऱ्या लोकांनी एका माणसाच्या लिखाणावर खिशातले पैसे लावले. शब्दांतली स्तुती फुकट असते. पुढच्याच वर्षी यातून ‘टाफ’ हा कायमचा निधी जन्माला आला : दरवेळी मतदान घेऊन एका चाहत्याला अटलांटिकपार पाठवायचं. तो अजून चालू आहे. विलिस दांपत्याला १९६२ मध्ये पुन्हा एकदा अशीच वर्गणी काढून शिकागोला नेण्यात आलं.

संयोगचिन्ह

ही हकिगत साधारणपणे अशी सांगतात : सुंदर छापलेला अंक, त्याची कीर्ती, त्यातून प्रवास, आणि मग हळूहळू अंक थांबला. मला ती तशी पटत नाही. तारखा शेजारी शेजारी मांडून बघा. १९५१ : ‘क्वांड्री’तलं सदर. मे १९५२ : विलिस आणि इंग्लंडमधला चक हॅरिस मिळून नवं फॅनझीन काढतात, नाव ‘हायफन’, म्हणजे नुसती आडवी रेघ, आणि हे खिळे जुळवून नव्हे, सायक्लोस्टाइलवर. ऑगस्ट १९५२ : अमेरिका. १९५३ : ‘स्लँट’चा शेवटचा अंक. अमेरिकेला निघण्याआधीच विलिसनं छापयंत्राला पर्याय उभा केलेला होता.

कारण उघड आहे. पत्र बोटीनं यायला काही आठवडे. त्यावरचं उत्तर खिळ्यांत जुळवायला महिने. छापून परत जायला पुन्हा बोट. ‘स्लँट’च्या एखाद्या लेखावर वाचकानं टोमणा मारला, तर त्याचं उत्तर वाचकाच्या हातात पडेपर्यंत वर्ष उलटे, तोवर आपण काय बोललो होतो हे तो विसरलेला. विनोद तर इतका टिकतच नाही. ‘क्वांड्री’त महिन्याच्या महिन्याला उत्तर-प्रत्युत्तराची चव घेतल्यावर विलिसला पुन्हा स्टिक हातात धरवेना, असं मला वाटतं. अंकाला आलेली दाद अंकाच्या वेगाला झेपली नाही.

‘हायफन’ १९५२ ते १९६५ या काळात ३६ वेळा निघालं. सरासरी काढली तर साडेचार महिन्यांच्या आत एक अंक. टाइपरायटरची रिबन काढून स्टेन्सिलवर सरळ ठोकायचं. चुकलं तर दुरुस्तीचं द्रावण लावून, फुंकर घालून, वाळल्यावर पुन्हा. उजवी कड गेली, लिनोची चित्रं गेली, कथाही मागं पडल्या. जागा घेतली गप्पांनी. आणि मलपृष्ठावर त्यांनी एक गंमत सुरू केली : आलेल्या पत्रांतली, कानावर पडलेल्या बोलण्यातली एकेक ओळ, मागचापुढचा संदर्भ कापून, नुसतीच छापायची. ज्याची ओळ त्याला ती ओळखू येई आणि तो खूश. बाकीच्यांनी तर्क करत बसावं. वाचकाचं पत्र हाच आता मजकूर झाला होता, आणि तोही थेट मलपृष्ठावर.

यात तोटाही झाला, तो सांगायला हवा. ‘स्लँट’ कुणाही अनोळखी माणसानं उचलून वाचावा असा होता. कथा होती, चित्र होतं, माणसं माहीत नसली तरी चालत होतं. ‘हायफन’ वाचायला घेतलं की पहिली पाचेक पानं लग्नघरात चुकून शिरल्यासारखं होतं. सगळे हसतायत, आपल्याला नवरा-नवरी कोण तेही ठाऊक नाही. ज्यांनी पत्रं लिहिली त्यांच्यासाठी ते घर झालं. ज्यांनी नुसतं नाणं चिकटवून पाठवलं, ते उंबऱ्यावरच राहिले. माझ्या त्या निवृत्त मास्तरांना ‘स्लँट’ आवडला असता. ‘हायफन’ त्यांनी दोन दिवसांत लाल शाईनं भरून परत केला असता. अर्थात विलिसला नेमकं तेच हवं असतं.

दोन शिष्य मात्र बाहेरच्या जगात गेले. व्हाइटची पहिली कथा जानेवारी १९५३ मध्ये ‘न्यू वर्ल्ड्‌स’ या ब्रिटिश मासिकात आली. हे मासिकही मुळात १९३६ मध्ये ‘नोव्हे टेरे’ नावाचं फॅनझीन म्हणून जन्मलेलं. पुढं व्हाइटनं अंतराळातल्या एका प्रचंड इस्पितळाच्या कथा लिहिल्या. डॉक्टर होता आलं नाही, तर त्यानं साऱ्या परग्रहवासीयांचा दवाखानाच उघडला. बॉब शॉ मोठा कथाकार झाला, पण चाहत्यांसाठी लिहिणं त्यानं सोडलं नाही. १९७९ आणि १९८० मध्ये हौशी लेखनासाठीचा ह्यूगो, म्हणजे विश्वसंमेलनात दिला जाणारा विज्ञानकथांचा पुरस्कार, त्यालाच मिळाला.

‘स्लँट’च्या काळात फॅनझीनसाठी ह्यूगो नव्हता. जुन्या वर्षांसाठी मागाहून ह्यूगो देण्याची प्रथा नंतर आली, आणि २००४ मध्ये बॉस्टनच्या विश्वसंमेलनात १९५३ सालच्या उत्कृष्ट फॅनझीनसाठी मतदान झालं. ‘स्लँट’ जिंकला; संपादक वॉल्टर विलिस, कलासंपादक जेम्स व्हाइट. दोघंही १९९९ मध्ये, दोन महिन्यांच्या अंतरानं गेले होते. मतं देणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अंक कधी हातात धरला असेल, लिनोच्या ठशावरून बोट फिरवलं असेल? अगदी थोड्यांनी. बाकीच्यांनी बहुधा पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या पत्रांवर भरवसा ठेवून मत दिलं.